बोलणाऱ्यांची मोजदाद

१ जून १९५७. बीजिंगमध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागाने बोलावलेल्या बैठकीत चू आनपिंग बोलायला उभे राहिले. ‘ग्वांगमिंग डेली’ या दैनिकाचे ते मुख्य संपादक होते. त्या खुर्चीवर बसून त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. आमच्या चुका दाखवा, मोकळेपणाने बोला, असं आवाहन खुद्द पक्षानेच केलं होतं आणि पक्षाबाहेरच्या मंडळींच्या अशा बैठका ८ मेपासून चालू होत्या. चू यांनी एक साधा हिशेब मांडला. १९४९मध्ये नवं सरकार बनलं, तेव्हा मध्यवर्ती सरकारच्या सहा उपाध्यक्षांपैकी तिघं पक्षाबाहेरचे होते. चार उपपंतप्रधानांपैकी दोघं. आता उपपंतप्रधान बारा आहेत आणि पक्षाबाहेरचा एकही नाही. मग बाहेरच्यांपैकी या पदाला लायक असा एकही माणूस उरला नाही की काय? कचेरी मोठी असो वा लहान, प्रमुखाच्या खुर्चीत पक्षाचाच माणूस, त्याच्या होकाराशिवाय पान हलत नाही. देश पक्षाची मालमत्ता झाल्यासारखी ही स्थिती आहे, असं ते म्हणाले.

भाषण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आलं. पुढे सहा दिवस गेले. ८ जूनला ‘पीपल्स डेली’चा अग्रलेख निघाला आणि टीकेच्या नावाखाली सत्ता उलथू पाहणाऱ्या ‘उजव्यां’विरुद्ध मोहीम सुरू झाल्याचं देशाला समजलं. चू आनपिंग यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

हा माणूस भाबडा नव्हता, हे आधी सांगायला हवं. च्यांग काय-शेकच्या काळात शांघायहून त्यांनी ‘गुआनचा’ नावाचं साप्ताहिक चालवलं. खप लाखाच्या घरात गेला होता. च्यांगच्या राजवटीवर त्यांनी इतकी कडक टीका केली, की १९४८च्या डिसेंबरात सरकारने साप्ताहिक बंद पाडलं. मात्र कम्युनिस्टांविषयीही त्यांच्या मनात भ्रम नव्हता. सध्या प्रश्न स्वातंत्र्य थोडं की जास्त एवढाच आहे, उद्या कम्युनिस्ट आले तर प्रश्न ते आहे की नाही असा असेल, अशा आशयाचं त्यांनी १९४७मध्येच लिहून ठेवलं होतं. तरीही १९४९मध्ये ते देश सोडून गेले नाहीत. पैशाला किंमत उरली नव्हती, लाचखोरीने कळस गाठला होता आणि नव्या राजवटीत निदान स्वच्छ कारभार असेल, अशी आशा हजारो सुशिक्षित चिनी माणसांना वाटत होती. या प्रकरणात जी माणसं भेटतील, त्यांतली बरीचशी पक्षाची शत्रू नव्हती. काही तर पक्षात होती. माझ्या दृष्टीने या सगळ्या कहाणीतली सर्वांत वेदनेची बाब हीच आहे.

सुरुवात १९४९च्याही आधी झाली. येनान हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस फेब्रुवारी १९३९मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर तिथे पोहोचले. पुढे आघाडीवर जखमी सैनिकांची सेवा करता करता डिसेंबर १९४२मध्ये हेबेई प्रांतात त्यांचं निधन झालं. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे ती गोष्ट घराघरांत गेली. कोटणीसांच्या मनातलं येनान खोटं नव्हतं. मातीच्या कड्यात कोरलेली गुहाघरं, जाडाभरडा वेश, जपान्यांशी झुंज, हे सगळं तिथे होतं. पण त्याच १९४२ साली त्याच गावात आणखी एक गोष्ट घडली, तिच्यावर चित्रपट निघाला नाही.

वांग शिवै हे भाषांतरकार आणि पक्षाचे जुने सभासद. मार्च १९४२मध्ये त्यांनी पक्षाच्या दैनिकात ‘रानातल्या लिली’ या मथळ्याखाली लेख लिहिले. समतेसाठी घर सोडून आलेल्या तरुणांना इथे काय दिसतं? कपड्यांचे तीन दर्जे आणि जेवणाचे पाच. आजारी माणसाला पातळ पेज मिळते आणि वरच्या पुढाऱ्यांना हवं ते. तक्रार एवढीच होती. याच सुमारास लेखिका दिंग लिंग यांनी महिलादिनाच्या निमित्ताने येनानमधल्या स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या दुटप्पी वागणुकीवर लिहिलं. दिंग लिंग यांनी चूक कबूल केली, त्या तेवढ्यापुरत्या सुटल्या. वांग यांनी कबूल करायला नकार दिला. त्यांच्यावर दिवसचे दिवस सभा झाल्या, कालचे सहकारी एकामागून एक उठून आरोप करू लागले. १९४३मध्ये त्यांना अटक झाली आणि १ जुलै १९४७ रोजी शान्सी प्रांतात त्यांना ठार मारून प्रेत विहिरीत टाकण्यात आलं. सरकारने त्यांना निर्दोष ठरवलं ते १९९१मध्ये.

पुढच्या तीस वर्षांत जे जे झालं, त्याचा कच्चा आराखडा येनानमध्ये तयार झाला. आधी मतभेदाला राजकीय गुन्ह्याचं नाव द्यायचं. मग आरोपीच्याच सहकाऱ्यांना साक्षीला बसवायचं. प्रत्येकाकडून स्वतःचा पूर्वेतिहास लिहून घ्यायचा, पुन्हा लिहून घ्यायचा, दोन्ही कागद ताडून पाहायचे. सत्ता हाती आल्यावर यात भर पडली ती आकड्यांची.

‘प्रतिक्रांतिकारकांचं दमन’ ही मोहीम १९५०च्या अखेरीस जोरात सुरू झाली. च्यांगच्या फौजेतले लोक, गुप्त पंथांचे म्होरके, गुंड, हेर यांना त्यात पकडलं, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता असेही असंख्य लोक पकडले. माओने प्रमाण ठरवून दिलं होतं: लोकसंख्येच्या हजारी एक. गुन्हा शोधून मग माणसं मोजायची, हा क्रम इथे उलटला. आकडा आधी आला. १९५४च्या अंतर्गत सरकारी अहवालानुसार सात लाख बारा हजार जणांना मृत्युदंड दिला गेला आणि बारा लाखांहून अधिक तुरुंगात गेले.

प्राध्यापकांसाठी वेगळी वाट होती. सप्टेंबर १९५१मध्ये पंतप्रधान चौ एन-लाय यांनी बीजिंग-तियानजिनच्या तीन हजारांहून अधिक शिक्षकांसमोर पाच तास भाषण केलं आणि विचारपरिवर्तनाचं पर्व सुरू झालं. परदेशात शिकून आलेले विद्वान विद्यार्थ्यांपुढे उभे राहून आपल्या ‘बूर्झ्वा’ वृत्तीची कबुली देऊ लागले. कबुली पुरेशी खोल नाही, असं सांगून ती परत केली जाई. पुन्हा लिहायची. या कबुल्या वाया जात नसत. शहरातल्या प्रत्येक नोकरदाराची एक फाइल असे, कामाच्या ठिकाणी कुलपात ठेवलेली. तिच्यात काय आहे, हे ज्याची फाइल त्यालाच पाहायला मिळत नसे. कामाचं ठिकाणही नोकरीपुरतं नव्हतं. घर, धान्याची कुपनं, औषधपाणी, लग्नाची परवानगी, सगळं तिथूनच. गल्लीत रहिवासी समिती. १९५८च्या जानेवारीत घरनोंदणीचा कायदा आला, तेव्हापासून परवानगीशिवाय खेड्यातून शहरात जाऊन राहणंही अशक्य झालं. पोटाची आणि डोक्यावरच्या छपराची दोरी ज्याच्या हाती, त्याला प्रत्येकाच्या दारात पोलीस उभा करावा लागत नाही.

हू फंग यांचं प्रकरण मला या सगळ्यात निर्णायक वाटतं. हू फंग हे समीक्षक, मार्क्सवादी, लेखक लू शुन यांच्या जवळच्या वर्तुळातले. लेखकाने काय आणि कसं लिहावं हे वरून ठरू नये, एवढ्यावर ते अडून होते. जुलै १९५४मध्ये त्यांनी केंद्रीय समितीला सविस्तर निवेदन दिलं, ते ‘तीन लाख शब्दांचं निवेदन’ म्हणून ओळखलं जातं. पक्षाच्या घटनेप्रमाणे, पक्षाच्याच दारात मांडलेलं गाऱ्हाणं होतं ते. उत्तर मिळालं वर्तमानपत्रातून. हू फंग यांनी शू वू या तरुण मित्राला १९४०च्या दशकात लिहिलेली खासगी पत्रं १३ मे १९५५च्या ‘पीपल्स डेली’त झळकली. ती शू वू यांनीच दिली होती. याच शू वूचा निबंध आपल्या मासिकात छापल्याबद्दल हू फंग यांनी एकेकाळी टीका झेलली होती. त्यानंतर आणखी दोन हप्ते आले. सोबतच्या संपादकीय टिपा माओने स्वतः लिहिल्या होत्या. मित्रापाशी काढलेले रागाचे उद्गार, टोपणनावं, एखाद्या समीक्षकाबद्दलचा तिरकस शेरा, सगळं कटाचा पुरावा ठरलं.

२५ मे रोजी लेखक-कलावंतांची सभा भरली. सातशेवर माणसं. प्रत्येक वक्ता धिक्कार करून खाली बसत होता. सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक आणि पुश्किनचे भाषांतरकार ल्यू यिंग मंचावर गेले आणि म्हणाले, की हू फंग यांचा प्रश्न विचारांचा आहे, प्रतिक्रांतीचा नाही. वाक्य पुरं होण्याआधी त्यांना ओढून खाली उतरवलं. सातशेंत एक. हा आकडा कुणी कोटा म्हणून ठरवून दिलेला नव्हता. पुढे ल्यू यिंगही श्रमछावणीतच मेले.

दोन हजार शंभर माणसं या चौकशीत ओढली गेली, ब्याण्णव जणांना अटक झाली. कवी आ लोंग १९६७मध्ये तुरुंगात वारले. हू फंग १९७९मध्ये सुटले तेव्हा मनाने खचलेले होते. १९८०पासून तीन टप्प्यांत त्यांना निर्दोष ठरवण्यात आलं, शेवटचा टप्पा त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९८८मध्ये आला. मित्राला लिहिलेलं पत्र उद्या दैनिकात छापून येऊ शकतं, हे समजलेल्या देशात मे १९५७ उजाडला. तरीही माणसं बोलली. याचं मोल ओळखायचं तर आधी हू फंग माहीत असावे लागतात.

माणसं का बोलली? फेब्रुवारी १९५६मध्ये ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या पापांचा पाढा वाचला. ऑक्टोबरात हंगेरी पेटली. आपल्याकडे असं व्हायला नको तर वाफेला वाट हवी, हे माओने ओळखलं. शंभर फुलं फुलू द्या, शंभर विचारपंथांना वाद घालू द्या, ही घोषणा त्याने मे १९५६मध्येच दिली होती. २७ फेब्रुवारी १९५७च्या लांबलचक भाषणात त्याने लोकांमधले मतभेद आणि शत्रूशी असलेला संघर्ष वेगळे आहेत, असं सांगितलं. त्या भाषणाच्या ध्वनिफिती ठिकठिकाणी ऐकवल्या गेल्या. ऐकणाऱ्यांना धीर आला. जूनमध्ये भाषण छापलं गेलं तेव्हा त्यात सहा नव्या कसोट्या घातलेल्या होत्या. सुगंधी फूल कोणतं आणि विषारी तण कोणतं हे त्यांवरून ठरणार होतं. माणसं मेमध्ये बोलून बसली होती, कसोट्या जूनमध्ये आल्या.

हा पहिल्यापासून रचलेला सापळा होता का, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझं मत असं, की आरंभी माओला खरोखर वाटत होतं, इतक्या वर्षांच्या विचारपरिवर्तनानंतर सुशिक्षित वर्ग सौम्य, उपयोगी टीका करेल. टीका मुळाशी गेली तेव्हा तो बिथरला. १५ मे रोजी त्याने पक्षांतर्गत वाचनासाठी एक लेख लिहिला. त्यात उजव्यांचं प्रमाण कुठे एक, कुठे तीन, कुठे पाच ते दहा टक्के असेल, असा अंदाज होता. म्हणजे आकडा पुन्हा आधी ठरला. आणि १५ मे ते ८ जून या साडेतीन आठवड्यांत बैठका बंद केल्या नाहीत, उलट लोकांना बोलतं केलं. हा काळ निर्विवाद सापळ्याचा. साप बिळाबाहेर आणायचे होते, असं माओ नंतर उघड म्हणाला. हे कारस्थान नव्हतं, ‘उघड डाव’ होता, असं त्याने १ जुलैच्या अग्रलेखात बजावलं.

त्या साडेतीन आठवड्यांत झांग बोजुन या मंत्र्याने सुचवलं, की मोठ्या धोरणांची चर्चा करणाऱ्या संस्थांना खरा अधिकार द्या. आणखी एक मंत्री लुओ लोंगजी यांनी सुचवलं, की मागच्या मोहिमांत अन्याय झालेल्यांची प्रकरणं तपासायला स्वतंत्र समिती नेमा. गे पेईची या व्याख्यात्याचं भाषण ‘पीपल्स डेली’ने असं छापलं, की ते कम्युनिस्टांना मारण्याची भाषा करत आहेत असा अर्थ निघावा. आपण तसं म्हणालो नाही, हे ते सांगत राहिले. त्यांना जन्मठेप झाली आणि ते १९७५मध्ये सुटले.

पेकिंग विद्यापीठात १९ मे रोजी पहिलं मोठ्या अक्षरांचं भित्तिपत्रक लागलं. युवक संघाच्या अधिवेशनाला जाणारा विद्यापीठाचा प्रतिनिधी कुणी निवडला, एवढाच प्रश्न त्यात होता. दोन-चार दिवसांत भोजनगृहाच्या भिंती कागदांनी भरून गेल्या. २३ मे रोजी लिन शीलिंग ही दुसऱ्या विद्यापीठातली विद्यार्थिनी तिथे येऊन बोलली आणि हू फंग प्रकरणाचे पुरावे लंगडे आहेत, हे तिने भर सभेत सांगितलं. तिला पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

मग मोजदाद सुरू झाली. जूनअखेर पक्षाच्या सूचनेत देशभरातल्या म्होरक्यांचा आकडा चार हजार होता. काही दिवसांतच तो दुप्पट झाला. मोहीम चालवण्याची जबाबदारी महासचिव डेंग शियाओपिंग यांच्याकडे होती. टक्केवारी वरून खाली पोहोचली, की तिचं ओझं प्रत्येक शाळा-कचेरीतल्या पक्षसचिवाच्या डोक्यावर येतं. आपल्याकडे शंभर माणसं आहेत आणि उजवा एकही नाही, असं लिहून पाठवलं तर तो स्वतःच संशयित. म्हणून नावं शोधली गेली. मेमध्ये एकही शब्द न बोललेली माणसंही यादीत आली, कुणी जुन्या भांडणातून, कुणी नुसती संख्या भरायची म्हणून. अखेरचा अधिकृत आकडा पाच लाख बावन्न हजार आठशे सत्त्याहत्तर.

शिक्षेसाठी न्यायालय लागत नव्हतं. ३ ऑगस्ट १९५७च्या निर्णयाने ‘श्रमातून पुनर्शिक्षण’ ही व्यवस्था कायम केली. खटला नाही, वकील नाही आणि सुरुवातीला मुदतही नाही. ती रद्द झाली डिसेंबर २०१३मध्ये. गांसू प्रांतात वाळवंटाच्या कडेला जियाबियानगौ नावाची छावणी होती. जवळपास तीन हजार उजवे तिथे पाठवले गेले: शिक्षक, डॉक्टर, अभियंते. १९६०च्या हिवाळ्यात जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत राहून गवताचं बी खात ते मरू लागले. किमान निम्मे परतले नाहीत.

छावणीबाहेरचा गांसूही उपाशी होता. झपाट्याने उत्पादन वाढवू पाहणाऱ्या ‘मोठी झेप’ या धोरणाने आलेल्या दुष्काळात देशभर किती मेले, याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. पिकाचे फुगवलेले आकडे खोटे आहेत, हे १९५८मध्ये जाहीर सांगू शकणारी माणसं १९५७मध्येच गप्प केली गेली होती. जुलै १९५९मध्ये संरक्षणमंत्री पंग दहुआय यांनी माओला खासगी पत्रात ते लिहिलं, तर त्यांचंही पद गेलं. १९५७ची मोहीम आणि हा दुष्काळ वेगवेगळ्या प्रकरणांत वाचायची सवय आपण सोडायला हवी.

त्या अंधारात काही तरुणांनी कागद काढला. लानझौ विद्यापीठातले उजवे ठरवलेले विद्यार्थी तियानश्वेइ परिसरातल्या खेड्यांत श्रमासाठी पाठवले होते. शेतकरी उपासमारीने मरताना त्यांनी पाहिले. त्यांतला झांग चुनयुआन हा इतिहासाचा विद्यार्थी, कोरियन युद्धात लढून आलेला. जानेवारी १९६०मध्ये त्यांनी एका आम्लाच्या कारखान्यात, स्टेन्सिल कोरून, ‘ठिणगी’ नावाचं मासिक छापलं. प्रती सुमारे तीस. दुसरा अंक निघण्याआधी त्रेचाळीस जणांना अटक झाली, त्यांत त्यांना मदत करणारा स्थानिक पक्षसचिव दू यिंगहुआही होता. झांग आणि दू यांना १९७०मध्ये गोळ्या घातल्या. तीस प्रतींसाठी.

‘ठिणगी’त एक दीर्घ कविता होती, पेकिंग विद्यापीठातून उजवी ठरलेल्या लिन झाओची. सुझौची ही मुलगी सोळाव्या वर्षी पक्षाच्या भूमिगत कामात उतरली होती. मे १९५७मधल्या एका रात्रीच्या सभेत ती टीकेखाली आलेल्या सहाध्यायाच्या बाजूने टेबलावर चढून बोलली. अंधारातून कुणी नाव विचारलं, तेव्हा तिने ते खणखणीत सांगितलं. ऑक्टोबर १९६०मध्ये तिला अटक झाली, महिनाभराने वडिलांनी विष घेतलं. १९६५मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. शांघायच्या तिलानचियाओ तुरुंगात शाई मिळेना, तेव्हा तिने बोट टोचून रक्ताने लिहिलं. चादरीवर लिहिलं, कपड्यांवर लिहिलं. शाई मिळाल्यावर ‘पीपल्स डेली’च्या नावे सुमारे एक लाख चाळीस हजार अक्षरांचं पत्र लिहिलं. २९ एप्रिल १९६८ रोजी तिला गोळी घातली. दोन दिवसांनी पोलीस तिच्या आईच्या दारी आला आणि गोळीची किंमत म्हणून पाच फेन (चिनी पैसे) मागून घेऊन गेला.

तिचं लेखन तुरुंगाने नष्ट केलं नाही. गुन्ह्याचा पुरावा म्हणून क्रमांक घालून जपून ठेवलं. १९८०च्या दशकाच्या आरंभी त्यातला मोठा भाग कुटुंबाला परत मिळाला, म्हणून आज ते वाचता येतं. सुझौजवळच्या तिच्या थडग्यापाशी कॅमेरा बसवलेला आहे आणि २९ एप्रिलला तिथे जाणाऱ्यांना अडवलं जातं.

१९७८ ते १९८० या काळात पक्षनेते हू याओबांग यांच्या पुढाकाराने उजव्यांची प्रकरणं पुन्हा तपासली गेली. पाच लाखांहून अधिक माणसांवरचा शिक्का पुसला गेला. अनेकांच्या बाबतीत तो मरणोत्तर पुसला. सरकारी शब्द होता ‘दुरुस्ती’. निर्दोष ठरवणं नव्हे. मोहीम आवश्यकच होती, तिचा विस्तार फार झाला, एवढंच १९८१च्या ठरावाने मान्य केलं. मोहीम आवश्यक होती म्हणायचं, तर काही जण खरोखरचे उजवे उरायला हवेत. म्हणून शंभराहून कमी माणसांवरचा शिक्का तसाच ठेवला, आणि त्यांत राष्ट्रीय पातळीवरची नावं पाच.

चू आनपिंग १९६६मध्ये, सांस्कृतिक क्रांतीतल्या रेड गार्डांच्या मारहाणीनंतर, बेपत्ता झाले. त्यांचा मृतदेह मिळाला नाही आणि मृत्यूची तारीखही नक्की नाही. त्या पाच नावांत एक त्यांचं आहे.